सरकारी विद्यापीठाचे टपाल आणि नागरिकाची वाणी

अमेरिकेतील ई-मेलचे नियम व भाषणस्वातंत्र्य : एक अभ्यासपाठ

सरकारी कचेरीतील कागद, शाई आणि टपाल-तिकिटे जनतेच्या पैशांतून आलेली असतात. ती सरकारी कामासाठीच वापरावीत, हा दंडक तलाठ्यापासून सचिवापर्यंत आणि गावच्या शिक्षकापासून कुलगुरूंपर्यंत सर्वांस मान्य आहे. परंतु त्या कागदावर लिहिणारा हात केवळ नोकराचा नसतो, तो नागरिकाचाही असतो. नोकरी स्वीकारताना त्याने आपले श्रम व आपला वेळ राज्याच्या स्वाधीन केलेला असतो. आपले मत स्वाधीन केलेले नसते. शाई सरकारची आणि मत नागरिकाचे, अशी एकाच पत्रात गाठ पडली म्हणजे नियमाची सत्ता कोठवर चालावी आणि स्वातंत्र्याचा प्रांत कोठून सुरू व्हावा, हा प्रश्न उभा राहतो.

कागदी टपालाच्या काळात हा प्रश्न क्वचित उद्भवत असे. ई-मेलच्या काळात तो रोजचा झाला आहे. विद्यापीठाने दिलेल्या पत्त्यावरून एखाद्या प्राध्यापकाने विद्यापीठाच्याच धोरणावर टीका केली, एखाद्या लिपिकाने निवडणुकीतील उमेदवाराविषयी दोन ओळी लिहिल्या, अथवा कोणी सहकाऱ्यांच्या मनास लागेल असे पत्र सर्वांना धाडले, तर त्यास शिक्षा करता येईल काय? अमेरिकेतील सरकारी विद्यापीठांना हा प्रश्न पुनःपुन्हा पडला आणि तेथील न्यायालयांनी त्याचा निरनिराळ्या बाजूंनी विचार केला. त्या विचारातून निघणारी तत्त्वे क्रमाने समजावून देणे हा प्रस्तुत पाठाचा हेतू होय.

१. ई-मेलचे माहेर विद्यापीठच

संगणकांना एकमेकांशी जोडणारे ‘आर्पानेट’ हे जाळे अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशाने उभे राहिले. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून त्यावरून पहिला संदेश गेला. १९६९ अखेर या जाळ्यात चार ठिकाणे जोडली गेली होती. त्यांपैकी लॉस एंजेलिस व सांता बार्बरा येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या दोन शाखा आणि यूटा विद्यापीठ ही तीन सरकारी विद्यापीठे होत. पुढे १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन या अभियंत्याने एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावरील व्यक्तीस पत्र धाडण्याची सोय केली आणि पत्त्यात ‘@’ हे चिन्ह योजिले. ई-मेलचे बालपण अशा रीतीने विद्वानांच्या मोकळ्या संवादात गेले. हिशेबी कारभाराचे साधन ते पुढे झाले.

ई-मेल जाते कसे, हे थोडे ध्यानात घेतले पाहिजे. आपण लिहिलेले पत्र आपल्या मेजावरून थेट दुसऱ्याच्या मेजावर जात नाही. ते प्रथम संस्थेच्या मुख्य संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर, जाते. तेथे त्याची प्रत राहते. कोणी, कोणाला, केव्हा पत्र धाडले याची नोंद होते. संकटकाळी उपयोगी पडाव्यात म्हणून राखीव प्रतीही काढल्या जातात. त्यामुळे लिहिणाराने आपल्या खात्यातून पत्र पुसले तरी ते नाहीसे झाले असे समजता येत नाही. शिवाय एका कळीसरशी तेच पत्र हजारोंना जाऊ शकते. कागदी पत्रापेक्षा ई-मेल अधिक दूर जाते आणि अधिक काळ टिकते. नियम करणाऱ्यांची चिंता आणि लिहिणाऱ्यांची भीती, या दोहोंचे मूळ येथेच आहे.

२. संविधानाचे बंधन कोणावर?

अमेरिकेच्या संविधानातील पहिली दुरुस्ती १७९१ साली अमलात आली. भाषण व मुद्रण यांच्या स्वातंत्र्यावर घाला घालणारा कायदा काँग्रेसने करू नये, असा तिचा आशय आहे. हे बंधन आरंभी केवळ मध्यवर्ती सरकारावर होते. १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीच्या आधारे न्यायालयांनी विसाव्या शतकात ते घटक राज्यांनाही लागू केले.

येथे एक भेद पक्का ध्यानात ठेवावा. हे बंधन सरकारावर आहे, खाजगी मालकावर नाही. खाजगी कंपनीने अथवा खाजगी विद्यापीठाने नोकराच्या पत्रावर निर्बंध घातला, तर त्यास पहिल्या दुरुस्तीचा आधार घेता येत नाही. त्याने करारपत्र वा कामगारविषयक कायदे धुंडाळावेत. परंतु राज्याने चालविलेले विद्यापीठ हे राज्याचेच अंग होय. मालक आणि राज्यसंस्था अशा दोन भूमिका ते एकाच वेळी वठवीत असते. मालक म्हणून त्याला शिस्त लावण्याचा अधिकार आहे; राज्यसंस्था म्हणून त्याने नागरिकाची वाणी दाबू नये, असे बंधन आहे. पुढील सर्व वाद या दुहेरी भूमिकेतून उद्भवले आहेत.

३. नोकरी हवी तर मुकाट राहा?

जुना विचार कठोर होता. १८९२ साली मॅसॅच्युसेट्स राज्यातील एका पोलीस शिपायाच्या खटल्यात न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी असा आशय मांडला की, राजकारणावर बोलण्याचा हक्क माणसास असेल, पण पोलीस शिपाई असण्याचा हक्क त्यास नाही. ज्याला बोलायचे आहे त्याने नोकरी सोडावी, हा त्याचा अर्थ. हे मत अर्धशतकाहून अधिक काळ प्रभावी राहिले.

त्यास छेद मिळाला तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या बफेलो येथील काही अध्यापकांनी, आपण कम्युनिस्ट नाही असे प्रमाणपत्र लिहून देण्याचे नाकारले. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या राज्याचे तत्संबंधी कायदे व नियम संदिग्ध व अतिव्यापक ठरवून रद्द केले. दुसऱ्याच वर्षी, १९६८ मध्ये, पिकरिंग खटल्याचा निकाल लागला. इलिनॉय राज्यातील मार्विन पिकरिंग या शाळाशिक्षकाने, शिक्षण मंडळ पैसा कसा खर्च करते, अभ्यासापेक्षा खेळांवर किती वेचते, याविषयी स्थानिक वृत्तपत्रास पत्र लिहिले. पत्रात काही तपशील चुकीचेही होते. मंडळाने त्यास बडतर्फ केले. सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फी अवैध ठरविली. जाणूनबुजून वा बेपर्वाईने असत्य लिहिल्याचे सिद्ध झाल्याशिवाय, सार्वजनिक हिताच्या विषयावर बोलल्याबद्दल शिक्षकाची नोकरी घेता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. शाळेचा पैसा कसा जातो हे शिक्षकास जवळून दिसते. त्यानेच तोंड मिटले तर गावास ते कळावे कसे, हा त्यामागील विचार आहे.

तथापि हा हक्क निरंकुश नव्हे. न्यायालयाने तराजूची कसोटी घालून दिली. एका पारड्यात नागरिक या नात्याने सार्वजनिक विषयावर बोलण्याचे नोकराचे हित. दुसऱ्या पारड्यात काम सुरळीत चालविण्याचे कार्यालयाचे हित. १९८३ च्या कॉनिक खटल्यात न्यू ऑर्लिन्स येथील एका सहायक सरकारी वकील बाईंनी आपल्या बदलीच्या वादातून सहकाऱ्यांमध्ये प्रश्नावली वाटली होती. त्यातील बहुतेक प्रश्न कचेरीतील खाजगी गाऱ्हाण्यांचे आहेत, असे म्हणून न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी बडतर्फी कायम केली. विषय सार्वजनिक की घरगुती, हा पहिला प्रश्न. तो सार्वजनिक असेल तरच तराजू हाती घ्यावयाचा, असा क्रम तेव्हापासून रूढ झाला.

४. टपालपेटीचा खटला

ई-मेल सर्वत्र पोहोचण्यापूर्वीच त्याला लागू पडेल असा एक निकाल १९८३ साली झाला. इंडियाना राज्यातील पेरी टाउनशिपच्या शाळांमध्ये शिक्षकांच्या टपालपेट्या होत्या आणि शाळाशाळांतून अंतर्गत टपाल फिरत असे. शिक्षकांच्या दोन संघटनांपैकी निवडून आलेल्या अधिकृत संघटनेस हे टपाल वापरण्याची मुभा होती. प्रतिस्पर्धी संघटनेस ती नाकारण्यात आली. प्रतिस्पर्धी संघटना न्यायालयात गेली.

सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी शाळा-प्रशासनाची बाजू उचलून धरली. न्यायालयाने सरकारी मालमत्तेचे तीन वर्ग पाडले. रस्ते व उद्याने ही पूर्वापार लोकांच्या सभा-संवादाची स्थळे. तेथे सरकारचे हात बरेच बांधलेले असतात. दुसरा वर्ग सरकारने आपण होऊन लोकांच्या चर्चेसाठी खुल्या केलेल्या जागांचा. तिसरा वर्ग केवळ कामासाठी असलेल्या मालमत्तेचा. शाळेचे अंतर्गत टपाल या तिसऱ्या वर्गात पडते. अशा साधनावर विषयानुसार वा व्यक्तीनुसार निर्बंध घालता येतात. परंतु तो निर्बंध वाजवी असला पाहिजे आणि केवळ एखादे मत अधिकाऱ्यांना नावडते म्हणून ते दडपण्यासाठी घातलेला नसावा.

निकालाचे हे दुसरे अंग महत्त्वाचे आहे. ‘या टपालातून कोणीही निवडणूक प्रचार करू नये’ हा नियम विषयाचा झाला. ‘या टपालातून अमुक पक्षावर टीका करू नये’ हा नियम मताचा झाला. पहिला टिकू शकतो. दुसरा टिकत नाही. विद्यापीठीय ई-मेलच्या वादांत याच भेदाचा वारंवार आश्रय घ्यावा लागतो.

५. कामाचे बोलणे आणि नागरिकाचे बोलणे

२००६ साली गार्सेटी खटल्यात आणखी एक रेषा ओढली गेली. लॉस एंजेलिस परगण्यातील एका सरकारी वकिलाने, झडतीच्या हुकमासाठी दिलेल्या प्रतिज्ञापत्रात गंभीर चुका आहेत, असे टिपण वरिष्ठांस लिहिले. त्याबद्दल आपणास त्रास देण्यात आला, ही त्याची तक्रार होती. न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी असे ठरविले की, नोकरीचे कर्तव्य म्हणून जे लिहिले वा बोलले जाते, ते नागरिक या नात्याने केलेले भाषण नव्हे; त्यास पहिल्या दुरुस्तीचे कवच नाही.

हा नियम प्राध्यापकास जसाच्या तसा लावला तर विचित्र स्थिती निर्माण होईल. लिहिणे, शिकविणे, मतभेद मांडणे हेच तर त्याचे काम! स्वतः सर्वोच्च न्यायालयानेच विद्वत्तापूर्ण लेखन व अध्यापन यांना हा नियम लागू पडतो की नाही, हा प्रश्न त्या निकालात मोकळा ठेवला. पुढे संघीय अपील न्यायालयांपैकी चौथ्या मंडळाने २०११ मध्ये, नवव्या मंडळाने २०१४ मध्ये आणि सहाव्या मंडळाने २०२१ मध्ये सरकारी विद्यापीठांतील अध्यापकांच्या खटल्यांत, अध्यापन वा विद्वत्तापूर्ण लेखन यांस गार्सेटीचा नियम लावण्याचे नाकारले.

परंतु विद्यापीठात अध्यापक तेवढेच नसतात. लिपिक, ग्रंथालयसेवक, प्रयोगशाळा-सहायक, भरती विभागातील कर्मचारी हेही असतात, आणि त्यांच्याजवळ विद्वत्तापूर्ण लेखनाची ढाल नसते. २००५ साली व्हर्जिनिया विद्यापीठाच्या मनुष्यबळ विभागातील एका कर्मचारी महिलेने, विद्यापीठाच्या नव्या पुनर्रचनेचा नोकरवर्गावर काय परिणाम होईल यासंबंधीचा मजकूर विद्यापीठाच्या ई-मेलवरून पाठविला. पत्राखाली तिचे नाव व हुद्दा आपोआप उमटला. तिला कामावरून काढण्यात आले. २००८ साली चौथ्या मंडळाच्या अपील न्यायालयाने अधिकाऱ्यांच्या बाजूने कौल दिला. मनुष्यबळ विभागाच्या हुद्द्यासह आलेले पत्र वाचणाऱ्यास विभागाचे मत वाटू शकते, ही अधिकाऱ्यांची अडचण खरी होती. तरीही पगारावर परिणाम करणाऱ्या निर्णयाविषयी सहकाऱ्यांना कळविणे हा सार्वजनिक विषय नव्हे, असे कोण म्हणेल? पत्राखाली आपोआप येणारी हुद्द्याची एक ओळ माणसाच्या उपजीविकेस किती महाग पडू शकते, हे या उदाहरणावरून दिसते.

अध्यापकांनाही प्रत्येक वेळी यश आलेले नाही. राज्याच्या मालकीच्या संगणकांवर अश्लील स्वरूपाचे साहित्य वरिष्ठांच्या अनुमतीवाचून पाहण्यास व्हर्जिनिया राज्याने कायद्याने मनाई केली होती. तेथील सरकारी महाविद्यालयांतील व विद्यापीठांतील सहा प्राध्यापकांनी, साहित्य व समाजशास्त्र यांच्या अभ्यासास याने बाध येतो म्हणून आव्हान दिले. २००० साली चौथ्या मंडळाच्या पूर्ण पीठाने कायदा वैध ठरविला. साधन राज्याचे, तेव्हा त्याच्या वापराचे नियमन राज्याने करावे, असा त्या निकालाचा कल होता.

६. बोचणारे पत्र

आतापर्यंतच्या उदाहरणांत आपली सहानुभूती बहुधा लिहिणाराकडे जाते. आता उलट बाजूचे उदाहरण पाहू. ॲरिझोना राज्यातील मारिकोपा परगण्याच्या सरकारी महाविद्यालयांत गणिताच्या एका प्राध्यापकाने, संस्थेच्या यादीवरून सर्व कर्मचाऱ्यांना जाणारी तीन ई-मेल पाठविली. पाश्चात्त्य संस्कृतीचे श्रेष्ठत्व, स्थलांतरितांविषयी विरोध, असा त्यांतील सूर होता. लॅटिन अमेरिकन वंशाच्या सहकाऱ्यांना ती पत्रे अपमानास्पद वाटली. संस्थेच्या प्रमुखांनी त्या मतांचा निषेध केला, परंतु प्राध्यापकास शिक्षा केली नाही. तेव्हा, संस्थेने आमचे काम करणे असह्य होऊ दिले, अशी फिर्याद त्या सहकाऱ्यांनी केली.

२०१० साली नवव्या मंडळाच्या अपील न्यायालयाने ही फिर्याद फेटाळली. एखाद्या व्यक्तीस लक्ष्य न करता, सार्वजनिक विषयावर, संपूर्ण महाविद्यालयीन समाजास उद्देशून मांडलेले मत कितीही अप्रिय असले तरी ते छळ या सदरात घालता येईल काय, याविषयी न्यायालयाने गंभीर शंका व्यक्त केली. एका विशिष्ट सहकाऱ्यास धमकावणे वा पुनःपुन्हा हिणवणे ही गोष्ट वेगळी. त्यास भाषणस्वातंत्र्याचा आसरा मिळत नाही.

हा निकाल वाचून दुखावलेल्या सहकाऱ्यांचे समाधान झाले नसेल, हे उघड आहे. रोज ज्या मेजावर काम करावयाचे त्याच मेजावर आपल्या वंशाविषयीचे कडवट मत येऊन पडणे सोपे नसते. परंतु पर्यायाचा विचार केला पाहिजे. अप्रिय मतास शिक्षा करण्याचा अधिकार एकदा अधिकाऱ्यास दिला, म्हणजे उद्या कोणते मत अप्रिय ठरवावयाचे हेही तोच ठरवील. आजचा फिर्यादी उद्याचा आरोपी होण्यास वेळ लागत नाही. संस्थेने शिक्षा केली नाही, पण निषेध केला. म्हणजे एका भाषणास दुसऱ्या भाषणाने उत्तर दिले. विद्यापीठास शोभणारा मार्ग बहुधा हाच होय.

७. संदिग्ध नियमाचे भय

शिक्षा झालेल्यांची गणती करता येते. भिऊन गप्प राहिलेल्यांची करता येत नाही. २००८ साली अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाची निवडणूक होती. त्या हंगामात ओक्लाहोमा विद्यापीठाने कर्मचाऱ्यांस कळविले की, विद्यापीठाच्या ई-मेलवरून उमेदवाराचा पुरस्कार वा विरोध करू नये. राजकीय विनोद व भाष्य पुढे धाडणेही त्यात येते. त्याच सुमारास इलिनॉय विद्यापीठातील नोकरवर्गास मिळालेल्या एका सूचनेचा अर्थ असा निघत होता की, विद्यापीठाच्या आवारात प्रचाराचा बिल्ला लावणे, अथवा प्रचाराची चिठ्ठी चिकटविलेली मोटार आवारात उभी करणे, हेही निषिद्ध आहे. दोन्हीकडे टीका झाली आणि दोन्ही विद्यापीठांस पाऊल मागे घ्यावे लागले.

सार्वजनिक पैशाने कोणा उमेदवाराचा प्रचार होऊ नये, हा या सूचनांमागील हेतू योग्यच होता. दोष होता तो शब्दांच्या व्याप्तीत. राजकीय भाष्य म्हणजे काय? राज्यशास्त्राच्या प्राध्यापकाने विद्यार्थ्यास वर्तमानपत्रातील लेख पाठविला तर ते भाष्य ठरेल काय? मित्राने मित्रास धाडलेल्या व्यंगचित्राने निवडणुकीचा तोल ढळतो काय? असे प्रश्न पडले म्हणजे सामान्य नोकर धोका पत्करीत नाही. तो गप्प बसतो.

याहून सूक्ष्म असा एक धोका आहे. वरकरणी अत्यंत समतोल दिसणारा नियम घ्या : ‘ई-मेल केवळ कार्यालयीन कामासाठीच वापरावे.’ पेरी खटल्याच्या तत्त्वानुसार तो वैध ठरू शकतो. परंतु तो पाळतो कोण? लग्नाचे आमंत्रण, क्रिकेटचा वा फुटबॉलचा निकाल, निवृत्तीच्या समारंभाची वर्गणी, जुनी सायकल विकणे आहे अशी वर्दी, असा मजकूर कोणत्याही कचेरीत फिरत असतो व त्याकडे कानाडोळा केला जातो. मग एके दिवशी कोणी फीवाढीवर टीका करणारे पत्र पाठवितो आणि तोच नियम दप्तरातून बाहेर निघतो. सर्वांकडून मोडला जाणारा नियम अखेर नावडत्या माणसाविरुद्धच वापरला जातो. तेव्हा ई-मेलचा नियम पारखताना त्याचे शब्द तेवढे वाचून भागत नाही. तो कोणास लावला आणि कोणास लावला नाही, हे पाहावे लागते.

८. पत्रे उघड करण्याची मागणी

सरकारी ई-मेल ही सार्वजनिक दप्तराचा भाग असते. त्यामुळे ती पाहण्याची मागणी बाहेरचा मनुष्यही करू शकतो. २०११ च्या आरंभी विस्कॉन्सिन राज्यात सरकारी नोकरांच्या सामुदायिक वाटाघाटींच्या हक्कांस कात्री लावणाऱ्या विधेयकावरून मोठे आंदोलन झाले. मॅडिसन येथील विस्कॉन्सिन विद्यापीठातील ख्यातनाम इतिहासकार विल्यम क्रोनन यांनी त्याविषयी टीकात्मक लेखन केले. लगेच राज्यातील रिपब्लिकन पक्षाने खुल्या दप्तराच्या कायद्यान्वये, क्रोनन यांच्या विद्यापीठीय खात्यातील, काही राजकीय शब्द व नावे असलेली ई-मेल मागितली.

विद्यापीठापुढे पेच पडला. कायदा मोडता येत नव्हता आणि विद्वानाचा विश्वासही मोडावयाचा नव्हता. एप्रिलमध्ये विद्यापीठाने काही पत्रे दिली. विद्यार्थ्यांसंबंधीची, निव्वळ खाजगी स्वरूपाची आणि विद्वानांमधील विचारविनिमयाची पत्रे राखून ठेवली. अर्धवट सुचलेला विचार सहकाऱ्यापाशी बोलून पाहण्याची मुभा नसेल तर संशोधन होणार नाही, ही त्यामागील भूमिका होती. पारदर्शकतेचा कायदा जनतेच्या हाती दिलेला दिवा आहे. तो कारभारावर धरावयाचा असतो. टीकाकारास धाक घालण्यासाठी त्याच्या डोळ्यांवर धरावयाचा नसतो.

९. चांगल्या नियमाची लक्षणे

वरील विवेचनावरून सरकारी विद्यापीठातील ई-मेलच्या नियमाची काही लक्षणे सांगता येतील.

(अ) नियमाने साधनाचे रक्षण करावे. कामाचा वेळ, यंत्रणेवरील भार, गोपनीय कागद, विद्यार्थ्यांची माहिती, धमकी व फसवणूक यांविषयी तो स्पष्ट असावा.

(आ) नियम मताविषयी तटस्थ असावा. कुलगुरूंची स्तुती करणाऱ्या पत्रास जी मुभा, तीच टीका करणाऱ्या पत्रास असावी.

(इ) शब्द नेमके असावेत. ‘अनुचित’, ‘आक्षेपार्ह’, ‘संस्थेच्या प्रतिष्ठेस बाधक’ असे शब्द ज्याच्या हाती पडतील त्याच्या मर्जीप्रमाणे वाकतात.

(ई) एकास लिहिलेले पत्र व सर्वांना जाणारे पत्र यांत भेद करावा. सर्वांच्या यादीवर अधिक निर्बंध घालणे वाजवी आहे. मात्र ज्यांना चर्चा करावयाची आहे त्यांच्यासाठी स्वेच्छेने सामील होता येईल अशी वेगळी यादी द्यावी.

(उ) मत व्यक्तीचे आहे, संस्थेचे नाही, हे दर्शविण्याची सोय असावी. हुद्द्याची ओळ वगळता यावी.

(ऊ) कोणाची पत्रे कोण, कोणत्या कारणाने व कोणाच्या लेखी अनुमतीने वाचील, हे आधीच सांगितलेले असावे.

(ए) शिक्षेपूर्वी म्हणणे मांडण्याची संधी द्यावी आणि तोच नियम यापूर्वी इतरांस कसा लावला, हे तपासावे.

१०. आपल्याकडील विचार

अमेरिकेचे निकाल भारतास बांधील नाहीत. आपले संविधान वेगळे आहे. अनुच्छेद १९(१)(क) अन्वये भाषण व अभिव्यक्ती यांचे स्वातंत्र्य नागरिकास दिले आहे आणि अनुच्छेद १९(२) मध्ये त्यावरील वाजवी निर्बंधांची कारणे नमूद केली आहेत. सरकारी नोकरांसाठी वर्तणुकीचे नियमही आहेत. केंद्रीय नोकरांचे १९६४ चे आणि महाराष्ट्रातील नोकरांचे १९७९ चे नियम ही त्यांची उदाहरणे होत.

तरीही मूळ प्रश्न परका नाही. बिहार सरकारच्या नोकरांस कोणत्याही स्वरूपाची निदर्शने करण्याची मनाई करणारा नियम १९६२ साली कामेश्वर प्रसाद खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला. सरकारी नोकरी पत्करल्याने मनुष्य मूलभूत हक्कांस मुकत नाही, असे न्यायालयाने सांगितले आणि निदर्शनांवरील सरसकट बंदी रद्द केली. संपाचा मूलभूत हक्क मात्र मान्य केला नाही. होम्स यांचा जुना विचार अमेरिकेत पूर्णपणे मागे पडण्यापूर्वीच आपल्याकडे त्यास हे उत्तर मिळाले होते, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

२००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याने ‘माहिती’ या शब्दाच्या व्याख्येत ई-मेलचा स्पष्ट उल्लेख केला आहे. म्हणजे सरकारी खात्यावरून लिहिलेले पत्र हे आपल्याकडेही दप्तरच होय. कायद्यातील अपवाद अर्थातच लागू राहतात. गोवा विद्यापीठ असो, वडोदऱ्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ असो, वा हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ असो, ही राज्यांची विद्यापीठे आहेत. तेथील शिक्षकाने व लिपिकाने हे जाणून लिहावे, आणि तेथील अधिकाऱ्याने हे जाणून नियम करावेत, यात दोघांचेही हित आहे.

समारोप

सरकारी साधनावर राज्याची मालकी आहे, हे मान्य केल्यावाचून कारभार चालणार नाही. पण त्या मालकीच्या जोरावर कोणते मत ऐकू यावे हे राज्य ठरवू लागले, तर विद्यापीठाचे प्रयोजनच उरणार नाही. नवे ज्ञान बहुधा प्रचलित समजुतीला दिलेल्या एखाद्या नकारापासून सुरू होते, आणि तो नकार ऐकून घेणारी जागा म्हणजे विद्यापीठ. नियमाने टपालाची वाट आखून द्यावी, तिच्यावर दिवे लावावेत, गर्दी आवरावी; पाकिटात काय मत आहे हे पाहून वाट अडवू नये.

चर्चेसाठी प्रश्न

१. ‘टपालातून निवडणूक प्रचार करू नये’ आणि ‘टपालातून सत्ताधाऱ्यांवर टीका करू नये’ या दोन नियमांत कोणता भेद आहे?

२. पिकरिंग यांचे वृत्तपत्रातील पत्र आणि कॉनिक खटल्यातील प्रश्नावली यांना न्यायालयाने निरनिराळी वागणूक का दिली?

३. प्राध्यापकास मिळणारे संरक्षण लिपिकास मिळावे काय? दोन्ही बाजूंची कारणे सांगा.

४. आपल्या शाळेत वा कचेरीत ई-मेलचा अथवा सूचनाफलकाचा कोणता नियम आहे? वर दिलेल्या सात लक्षणांवर तो पारखून पाहा.